एकट्यानं ‘नाही’ म्हटलं तर आमदारकी जाते, टोळीनं गेलं तर मंत्रिपद मिळते

कपाशीवाला (धागाकर्ता)

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो आहे. कोणत्याही पक्षाचा नाही, मतदान मात्र चुकवत नाही. आमच्या पारावर हा वाद दर निवडणुकीला होतो: आमदार चिन्हावर निवडून आला म्हणजे पक्ष सांगेल तिकडेच हात वर केला पाहिजे, की तालुक्याचं भलं पाहून प्रसंगी पक्षाला नाही म्हटलं पाहिजे?

१९६७ साली हरियाणात गया लाल नावाच्या आमदारानं पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तिथून ‘आयाराम-गयाराम’ सुरू झालं. त्यावर इलाज म्हणून १९८५ साली ५२वी घटनादुरुस्ती झाली, दहावी अनुसूची म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आला. हेतू चांगला होता. पण आज चित्र काय? एखाद्याला वाटलं की हे विधेयक माझ्या शेतकऱ्याच्या मुळावर येणार आणि त्यानं व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडून विरोधात मत दिलं, तर त्याची आमदारकी धोक्यात. तोच माणूस दोन-तृतीयांश सोबती जमवून दुसऱ्या पक्षात गेला तर ते ‘विलीनीकरण’. मतभेद गुन्हा, घाऊक स्थलांतर कायदेशीर!

आपल्या राज्यात २०२२ नंतर जे झालं त्यात कोण बरोबर, कोण चूक यात मला पडायचं नाही. पडलो तर हा धागा दुपारपर्यंत बंद होईल. एवढंच पाहा: १० जानेवारी २०२४ ला शिवसेनेच्या प्रकरणात विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला, दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र नाही. फेब्रुवारीत राष्ट्रवादीचा आला, तिथंही कोणीच नाही. सरकार बदललं, चिन्हं बदलली, आणि पिंजऱ्यात एक उंदीर सापडला नाही.

मला मवाळ, चार पक्षांशी बोलणं ठेवणारा आमदार चालतो. उलट तोच पाहिजे. पण जुळवून घेताना त्याच्या पदरात काय पडलं आणि आमच्या पदरात काय पडलं, हे त्यानं सांगावं. ‘मतदारसंघाच्या विकासासाठी गेलो’ हे आता ऐकवत नाही.

तुमचं काय मत?

वऱ्हाडी ठेचा

भाऊ, तुमी कायद्याचं लिवलं ते ठीक हाय. पन सकाळी आठ वाजता आमदाराच्या हापिसात जाऊन बसले काय कधी? म्या बसलो. हरबऱ्याच्या पयल्या ओलिताच्या टायमाले आमची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जयाली. वीज हापिसातला साहेब म्हने ऑइल नाही, नवीन डीपीचा नंबर लागीन तवा लागीन. हरबरा थांबते काय नंबरासाठी?

गेलो हापिसात. पीए दोन मोबाईल घेऊन बसेल, समोर लांब वही. टेबलाच्या काचेखाली लग्नपत्रिका इतक्या, का काच एका बाजूनं उचलून राह्यली. माह्याआंधी एक बुढी, श्रावणबाळचे पैसे आले नाही म्हनून. तिच्याआंधी मास्तर, बायकोच्या बदलीसाठी. मंग पांदन रस्तेवाले दोघं, एकमेकाचे भाऊबंद, धुऱ्यावरून भांडून आल्याले. एकानं तरी इचारलं काय, का साहेब, मुंबईत तुमी कोन्या बिलावर कसं मत देल्लं? कोनीच नाही! म्याबी नाही.

पीएनं वहीत लिवलं, तिथंच फोन लावला. दुसऱ्या दिवशी सांजेले डीपी आली, ट्रॅक्टरवर. सारं गाव उतरवाले. त्या दिवशी आमदार कोन्या पक्षाचा हे मले आठोलंच नाही. अन आमच्या गावात म्हनतेत तेच खरं, सत्तेत असल्याबिगर डीपी येत नाही. मंग तो सत्तेकडं गेला तर त्याले आपन कोन्या तोंडानं बोलाचं?

संत्रा बर्फी

+१ ठेचाभाऊ. काचेवरून हसलो.

कोर्टाची पायरी

नागपुरात वकिली करतो, थोडी भर घालतो.

मूळ कायद्यात एक-तृतीयांश फुटले तरी चालायचं. ती ‘फूट’वाली पळवाट २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीनं काढली. त्याच दुरुस्तीनं मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे फोडून आणलेल्या प्रत्येकाला लाल दिवा देता येऊ नये. राहिलं दोन-तृतीयांशांचं विलीनीकरण. पण आपल्याकडच्या दोन्ही प्रकरणांत निकाल विलीनीकरणावर झालेलाच नाही. तिथं दावा होता ‘आम्हीच मूळ पक्ष’. ही तिसरी वाट. सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०२३ ला सांगितलं की प्रतोद (व्हिप काढणारा) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. मात्र मूळ पक्ष कोणता हे ठरवायचं अध्यक्षांनी, आणि अध्यक्ष कोणाचा असतो ते सांगायला वकील लागत नाही.

आता व्हिपबद्दल. व्हिप मोडला म्हणजे त्या क्षणी आमदारकी गेली, असं नाही. पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तर प्रकरण मिटतं. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात न्यायालयानं कायदा कायम ठेवला, पण असंही सुचवलं की अपात्रतेची तलवार सरकारच्या विश्वासाचा प्रश्न असेल किंवा पक्षाच्या मूळ धोरणाचा असेल तेव्हाच उपसावी. त्याच्या दोन वर्षं आधी निवडणूक सुधारणांवरची दिनेश गोस्वामी समितीही साधारण हेच म्हणाली होती. कोणत्याच पक्षानं मनावर घेतलं नाही. सत्तेतल्यांना ते नको असतं, आणि विरोधकांना आज ना उद्या सत्तेत यायचं असतं.

सर्कलची ताई

मी एक टर्म जिल्हा परिषदेत होते. पक्ष सांगत नाही, अंदाज बांधत बसू नका.

तुम्ही सगळे विधानसभेचं बोलता. आमच्याकडेही १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा आहे. झेडपी, पंचायत समिती, नगरपालिका सगळ्यांना लागू. व्हिप मला कसा मिळाला सांगते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी आम्हाला ‘सहली’ला नेलं होतं. बायकांसाठी वेगळी गाडी, सोबत नवरे, कारण फोन नवऱ्यालाच यायचे. परत आलो त्या रात्री पक्षाचा माणूस कागद घेऊन दारात. मी सही केली तरी त्यानं एक प्रत दारावर चिकटवली आणि फोटो काढला. सासूबाईंना वाटलं बँकेची जप्ती आली.

उमेदवार दुसऱ्या तालुक्याचा होता, मला पसंत नव्हता. मी हात वर केला. आणि पुन्हा वेळ आली तरी करीन. का? कारण तो कागद दारावर नसता तर त्या रात्री दारात पाकीट आलं असतं. नाही म्हटलं असतं तर सकाळी नवऱ्याच्या सोसायटीच्या कर्जाची आठवण करून दिली असती. ‘ताई, माझे हात बांधलेत, कागद पाहा’ एवढं तरी मला म्हणता आलं. सदसद्विवेकाच्या गोष्टी बोलायला त्या माणसाकडे शेत, पैसा आणि चार भाऊ लागतात. माझ्यासारखीला व्हिप हे संरक्षण होतं.

कपाशीवाला

ताई, हा कोन कधी ऐकला नव्हता. पण मग प्रश्न असा की तुमच्या दारात पाकीट आणणारा पक्षातलाच कोणी असता तर? तेव्हा व्हिपचा कागद कोणाच्या कामाचा?

सर्कलची ताई

तेव्हा कोणाच्याच नाही. ते पण पाहिलं आहे. त्यावर इथं लिहिणार नाही.

जुनं अमरावती

हे भांडण आपल्या वऱ्हाडाला नवीन नाही, शंभर वर्षं झाली.

१९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कौन्सिलात स्वराज पक्षाला बहुमत मिळालं. पक्षाचं धोरण होतं मंत्रिपदं घ्यायची नाहीत, आत जाऊन अडवायचं. त्यांनी मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये करून टाकला! द्विदल राज्यपद्धतीची (काही खाती मंत्र्यांकडे, बाकी गव्हर्नरकडे) अशी नाकेबंदी दुसऱ्या फार थोड्या प्रांतांत झाली. आणि मग १९२५ मध्ये त्याच पक्षाचे, कौन्सिलचे अध्यक्ष असलेले अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. मोतीलाल नेहरू खवळले. पण केळकर, जयकर, मुंजे या मंडळींना तांब्यांचं वागणं एवढं चुकीचं वाटलं नाही. टिळकांची ‘प्रतियोगी सहकारिता’ (सरकार जसं वागेल तसं सहकार्य) म्हणजे हीच, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी १९२६ मध्ये आपल्या अकोल्यातच त्यांनी वेगळा पक्ष उभा केला. तांबे पुढे काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नरही झाले. आता सांगा, हा व्यवहारवाद की पदाची ओढ? मी वाचतो तसतसं माझं मत तांब्यांच्या विरोधात जातं. पगार दोन रुपये करणाऱ्या बाकावरून उठून गव्हर्नरच्या टेबलाशी जाताना मधे मतदारांना विचारायला हवं होतं.

उलट बाजू १९३८ ची. डॉ. ना. भा. खरे प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत). मंत्रिमंडळात महाकोशल (हिंदी भाग) विरुद्ध मराठी मुलूख अशी धुसफूस. जुलैमध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता या तिघा मंत्र्यांनी मात्र पक्षश्रेष्ठींचा आदेश आल्याशिवाय राजीनामा देणार नाही म्हटलं, तर गव्हर्नरनं त्यांना बडतर्फ केलं. खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ बनवलं, ते दोन दिवससुद्धा धड टिकलं नाही. वर्ध्याला वर्किंग कमिटी बसली, खऱ्यांचं पद गेलं, शुक्ल आले. आमदारांचा नेता आमदारांनी ठरवायचा की वर्ध्यात बसलेल्यांनी, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि दाबलाही गेला. आजच्या ‘हायकमांड’ची मुळं शोधायला दिल्लीला जायची गरज नाही, सेवाग्राम रोडनं गेलं तरी चालतं.

आणि तिसरे वणीचे बापूजी अणे. १९३४ मध्ये जातीय निवाड्यावर काँग्रेसची भूमिका पटली नाही म्हणून मालवीयांबरोबर वेगळा पक्ष काढला. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, म्हणजे तांब्यांपेक्षा वरची पायरी. पण १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सरकारनं ताठर भूमिका घेतली तेव्हा राजीनामा देऊन बाहेर पडले. १९६२ साली वेगळ्या विदर्भाच्या मुद्द्यावर नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. मवाळ माणूस कसा ओळखायचा यावर माझं उत्तर अणे आहेत. पद घेतो, आणि सोडायची वेळ आली की सोडतोही.

पुण्यातली वैदर्भीय

खूप छान माहिती. पण अण्यांसारखे किती? आपल्या भागाचा इतिहास निष्ठावंतांचाच आहे. १९५३ चा नागपूर करार, १९५५ मध्ये फाजल अली आयोगाची वेगळ्या विदर्भाची शिफारस, तरी १९६० ला आपण महाराष्ट्रात आलो. आपल्याच पुसदचे वसंतराव नाईक अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारी, रोजगार हमी, त्यांचं काम मी नाकारत नाही. पण १९८४ च्या दांडेकर समितीनं अनुशेष (विकासातली मागे राहिलेली तूट) मोजला तेव्हा सिंचनात विदर्भ मागेच होता. पुढे भाजपनं १९९७ मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला आणि शिवसेनेशी युती आहे म्हणून गुंडाळून ठेवला. आपले ६२ आमदार एका मुद्द्यावर एकत्र उभे राहिले असं मला आठवत नाही. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ चं. माझ्या जन्माच्या आधीचं.

वऱ्हाडी ठेचा

ताई तुमी पुन्याहून एवढं मोठं लिवलं, आमी अनुशेषातच ऱ्हातो. 😄 पन ६२ जनं एकत्र आले तं त्याइचा नेता कोन, यावरच फुटतीन.

पुसदकर

विषय वेगळ्या विदर्भाचा नाही, कृपया भरकटू नका. आणि नाईकसाहेबांवर लिहिताना जपून.

पुण्यातली वैदर्भीय

जपूनच लिहिलं आहे, पुन्हा वाचा.

पुलगाव ते लंडन

इकडचं सांगतो. ब्रिटनमध्ये व्हिपच्या पायऱ्या असतात, कागदावर खाली किती रेघा मारल्या त्यावरून. तीन रेघा म्हणजे यायचंच आणि पक्षाप्रमाणेच मत द्यायचं. ३ सप्टेंबर २०१९ ला ब्रेक्झिटच्या मतदानात हुजूर पक्षाच्या २१ खासदारांनी तो मोडला. त्यात दोन माजी अर्थमंत्री आणि चर्चिलचा नातू! पक्षानं त्यांना बाहेर काढलं, पण खासदारकी कोणाची गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात बसले. पुढच्या महिन्यात दहा जणांना पक्षानं परतही घेतलं. आपल्याकडे हेच केलं असतं तर अपात्रतेची याचिका पडली असती.

कोर्टाची पायरी

बरोबर, पण गोष्ट पूर्ण सांगा. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत त्यांच्यातले जे अपक्ष लढले ते पडले. कायद्यानं खासदारकी काढली नाही, तिकिटानं काढली. आपल्याकडेही उद्या दहावी अनुसूची रद्द केली तरी एबी फॉर्म (पक्षाच्या तिकिटाचा कागद) राहतोच. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो कोणाच्या खिशातून निघतो, तिथं आमदाराची निष्ठा ठरते.

कपाशीवाला

एबी फॉर्मचा मुद्दा पटला. पण मला आणखी एक गोष्ट खटकते. आपण ‘मत कोणाच्या बाजूनं दिलं’ म्हणतो, पण मत देण्याची वेळ येतेच किती? कापसाचं पाहा. केंद्रानं १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. म्हणजे आमची सीतादही होऊन वेचणी सुरू, बाजारात पहिला कापूस, आणि बाहेरच्या गाठींना दार उघडं. मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर होता, खेड्यातल्या खरेदीदाराचा भाव त्याच्या बराच खाली. ही सगळी अधिसूचना. सभागृहात मतदानाला आलीच नाही. मग आमच्या खासदारानं व्हिप पाळायचा की मोडायचा, हा प्रश्नच कुठं आला? त्याला फक्त तोंड उघडायचं होतं. त्यासाठी कोणता कायदा आडवा आला?

विधानसभेतही तेच. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं पास होतात, मतविभाजन क्वचित. कोण हो म्हणालं, कोण गप्प बसलं, त्याची नोंदच नाही. पुरवणी मागण्या तर गोंधळात उरकतात. हिवाळी अधिवेशनात नागपूरला येतात ते दोन आठवडेसुद्धा पुरे बसत नाहीत.

जुनं अमरावती

लक्षवेधी, तारांकित प्रश्न, अर्ध्या तासाची चर्चा, यांना व्हिप नसतो. तिथं सत्ताधारी आमदारही सरकारला अडचणीत आणू शकतो, आणि काही आणतातही. अशासकीय विधेयकाचं मात्र विचारू नका. संसदेत शेवटचं पास झालं ते १९७० साली.

गुप्त मतपेटी

आणि जिथं मत गुप्त असतं तिथं काय होतं? विधान परिषदेच्या २०२२ आणि २०२४ च्या निवडणुकांत मतं फुटली, सगळ्या राज्यानं पाहिलं. राज्यसभेला २००३ पासून मत पक्षाच्या माणसाला दाखवून टाकावं लागतं, परिषदेला नाही. गुप्ततेत बाहेर आला तो विवेक होता की आणखी काही, ते ज्याचं त्याला माहीत. म्हणून मी ताईंच्या बाजूनं. आधी पाकीट बंद करा, मग स्वातंत्र्य द्या.

भंडाऱ्याचा धानवाला

कोणी नाना पटोलेंचं नाव घेतलं नाही याचं नवल. भाजपचे खासदार असताना शेतकऱ्यांच्या प्रश्नावर पक्षावर टीका केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला. टोळी नाही जमवली, पळवाट नाही शोधली. पक्ष आवडो न आवडो, पद्धत ही.

पुसदकर

आणि पुढे काँग्रेसमध्ये गेले, विधानसभेचे अध्यक्ष झाले, प्रदेशाध्यक्ष झाले. त्याग कुठं आला? पोटनिवडणुकीचा खर्च तुमच्या-आमच्या खिशातून.

भंडाऱ्याचा धानवाला

भाऊ, खासदारकी सोडून लोकांपुढं परत मतं मागायची तयारी आणि हॉटेलात बसून संख्या मोजणं, यात फरक करायचाच नाही का? पुढं त्याला काय मिळालं ते नंतरचं. सोडताना हातात काही नव्हतं. आणि पोटनिवडणुकीचा खर्च परवडला, तिथं निदान आमच्या बोटाला शाई लागते.

वऱ्हाडी ठेचा

धानवाले, हे पटलं मले. पन आमच्या आमदारानं राजीनामा देल्ला तं सहा महिने हापिस बंद. मंग डीपी कोनाले सांगाची?

कपाशीवाला

ठेचाभाऊ, खरं तर डीपी बदलायला आमदार लागूच नये. वीज कार्यालयाचं ते रोजचं काम. ते बिनबोभाट झालं असतं तर तुम्ही आठ वाजता त्या काचेसमोर बसला नसता, आणि ‘सत्तेशिवाय काम होत नाही’ हे कारण आमदाराच्या हाती लागलं नसतं.

वऱ्हाडी ठेचा

लागू नये हे बराबर. पन लागते.

पुण्यातली वैदर्भीय

ताई, २०२२ पासून बऱ्याच झेडप्यांवर प्रशासकच बसलेले. तुमच्याकडे निवडणूक लागली तर पुन्हा उभ्या राहणार का? आणि या वेळी अपक्ष का नाही? ग्रामपंचायत आपण चिन्हाशिवाय लढवतोच की.

सर्कलची ताई

ग्रामपंचायतीत वॉर्ड एका आवाजात ऐकू येतो. सर्कलमध्ये (झेडपीच्या मतदारसंघात) वीस-बावीस गावं असतात, गाडी, डिझेल, बूथवर माणसं, सगळं लागतं. आमच्या पाच एकरात ते निघत नाही. आरक्षण काय निघतं ते पाहू द्या. उभी राहिले तर चिन्हावरच राहीन, आणि या वेळी सहलीला नवऱ्याला नेणार नाही. फोन मीच उचलणार.